हाक ऐकू आली नाही तर

लहानपणी माझ्या हातून एक गाय हरवली होती, म्हणून मला नोकरी मिळाली. हे सांगितलं की लोकांना थट्टा वाटते. दादांना ओळखणारा कोणी असला तर तो मात्र लगेच मान डोलावतो.

रोह्याजवळ धाटावला औषधांची पावडर बनवणारी एक कंपनी होती. तिच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख म्हणजे दादा. जनरल मॅनेजरपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळे त्यांना दादाच म्हणत. मुलाखतीला आम्ही पाचजण होतो. बाकीचे चौघे मुंबई-पनवेलकडचे, फायलींना प्लॅस्टिकची कव्हरं, तोंडात इंग्रजी. माझ्याकडे बीएस्सीची गुणपत्रिका आणि एका क्लासचं प्रमाणपत्र, बस. दादा खुर्चीवर मांडी घालून बसले होते. कागदांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "आजवर तुझ्या हातून काय हरवलंय?"

माणूस चक्रम दिसतोय, असं मनात आलं. पण खोटं बोलायला वेळच मिळाला नाही. म्हटलं, "गाय."

"गावली?"

"तिसऱ्या दिवशी. आम्ही सगळा डोंगर पालथा घातला. ती आमच्याच गोठ्यामागे पेंढ्याच्या आडोशाला बसली होती. व्यायली होती."

दादा एवढे हसले की चपराशी डोकावून गेला. "लांब शोधायला सगळे जातात गो. जवळ बघायला कोन जात नाय." आणि मला घेतलं. त्या चौघांतल्या एकाने म्हणे 'काहीच नाही' असं उत्तर दिलं होतं. पुढे कधी त्याचा विषय निघाला की दादा म्हणत, "ज्याच्या हातून कायच हरवलं नाय, त्याला भीती कसली? आन् ज्याला भीती नाय त्याच्या हातात डिस्क कशी द्यायची?"

दादा पेणच्या खाडीकडचे. वडील मिठागरावर कामाला, आणि घरची थोडी खारजमीन. आम्ही रोह्याकडची माणसं, वाल आणि भात पिकवणारी. पाणी आमच्याकडे नदीतून येतं आणि नदीतूनच जातं. खाडीच्या माणसाचं तसं नाही. त्याचं शेत आणि समुद्र यांच्यामध्ये मातीचा एक बांध असतो. तो फुटला की खारं पाणी आत येतं आणि दोन-तीन वर्षं भात होत नाही. म्हणून अख्खं गाव त्या बांधाला जपतं. दादा शिकले आयटीआयला, वायरमन म्हणून कंपनीत लागले, आणि कंपनीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या खोलीची वायरिंग करायला आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. मशिनची जाड पुस्तकं त्यांनी कंपनीच्या बसमध्ये वाचली, पेण ते रोहा आणि रोहा ते पेण, रोज. इंग्रजी बोलताना अडखळत, पण वाचलेलं एक अक्षर विसरत नसत.

दुपारी डबा उघडला की एसीच्या खोलीत सुकटीच्या चटणीचा वास दरवळायचा. एकदा जनरल मॅनेजरांच्या सेक्रेटरीने तक्रार केली. दादा तांदळाची भाकरी मोडत शांतपणे म्हणाले, "एसी मशिनसाठी हाय. सुकट माझ्यासाठी हाय. दोघांचं भांडान नाय."

डिस्कवरच्या सगळ्या नोंदींची पूर्ण प्रत टेपवर काढून ठेवायची, म्हणजे बॅकअप घ्यायचा, तो दादा पुनवेला आणि अवसेला घेत. कॅलेंडरवर लाल-काळे गोल आखलेले. मुंबईहून तपासणीला आलेल्या एका साहेबांना वाटलं, इथे मशिनची पूजा वगैरे चालते की काय. त्यांनी दबकत विचारलं, तर दादा म्हणाले, "पुनव-अवसेला उधाणाची भरती असते, तवा आमी बांध बघायला जातो."

"पण कॉम्प्युटरला कुठे भरती असते?"

"कॉम्प्युटरला नसते. मानसाला असते. आमच्याकडं मानूस तारीख विसरंल, पुनव विसरनार नाय."

साहेबांनी आपल्या अहवालात काय लिहिलं देव जाणे. मी तिथे होते तेवढ्या वर्षांत एकही बॅकअप चुकला नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते.

मला मात्र त्यांच्या एका प्रश्नाने वीट आणला होता. काहीही सांगायला जा, ते आधी विचारणार, "बघून आलीस की ऐकून आलीस?" चहा आला म्हटलं तरी तेच. एकदा स्टोअर्सचा प्रिंटर बंद पडल्याचा फोन आला, मी दादांना सांगितलं, आणि त्यांनी तोच प्रश्न करून मला एप्रिलच्या उन्हात कंपनीच्या दुसऱ्या टोकाला पिटाळलं. जाऊन बघते तर प्रिंटरची पिन काढून तिथे टेबलफॅन लावलेला. घामाने निथळत, तणतणत परत आले. हा माणूस आता दोन शब्द ऐकवणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. दादांनी काहीच विचारलं नाही. आपली पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली आणि कामाला लागले. मला तेव्हा फार राग आला, कारण भांडायची सगळी तयारी फुकट गेली.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. तोवर कंपनीचा सगळा कारभार एकाच मशिनवर चाले. कुठला लॉट कधी बनला, त्यात काय पडलं, लॅबने काय तपासलं, कोणाच्या सहीने तो बाहेर गेला, सगळं त्या मशिनच्या पोटातल्या डिस्कवर. उद्या एखाद्या औषधात खोट निघाली तर ती कुठल्या लॉटची, हे शोधायचा तोच एक मार्ग. पण ते मशिन बसलं की लॅब बसे आणि लॅब बसली की प्लांट ताटकळे. म्हणून वरच्यांनी क्लस्टर करायचं ठरवलं. म्हणजे डिस्क मशिनच्या पोटातून काढून एका वेगळ्या कपाटात ठेवायच्या आणि त्या कपाटाला दोन मशिनं जोडायची. एक काम करणार, दुसरं तयारीत बसणार. दोघांमध्ये एक तार. तिच्यावरून दोघं एकमेकांना क्षणाक्षणाला कळवत राहणार, मी आहे, मी आहे. एकाचा आवाज थांबला की दुसऱ्याने आपोआप कपाटाचा ताबा घ्यायचा.

मशिनवाल्यांचा इंजिनिअर मुंबईहून आला, मे महिन्यात टाय लावून. त्याने फळ्यावर छान चित्र काढलं. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् मधली तार तुटली तर?"

"तर दुसरं मशिन ताबा घेईल."

"पहिलं जितं असलं तरी?"

इंजिनिअरने टाय सैल केला. "तसं सहसा होत नाही."

"सहसा," दादा म्हणाले, आणि घासात काटा लागल्यासारखं तोंड केलं.

कारण तसं झालं तर दोन्ही मशिनं जिवंत, आणि दोघांनाही वाटणार की दुसरं मेलं. दोघंही एकाच कपाटात एकाच वेळी लिहायला लागणार, एकाचं दुसरा खोडणार, आणि तासाभरात सगळ्या वर्षांच्या नोंदींची खिचडी. दादांनी ठरवून टाकलं की हे 'आपोआप' आपल्याला नको. तार तुटली तर दोन्ही मशिनांनी हात आखडून बसायचं आणि पडद्यावर फक्त विचारायचं, ताबा घेऊ का? मग माणसाने उठायचं, दुसऱ्या मशिनपाशी जायचं, डोळ्यांनी बघायचं आणि मगच काय ते ठरवायचं. शिवाय दोन मशिनं एका छपराखाली नकोत; एक ऑफिसात, दुसरं आवारापलीकडे लॅबच्या माडीवर, कपाटाशेजारी. कपाटाची केबल मात्र खांबांवरून थेट ऑफिसापर्यंत.

यावर मीटिंग झाली. प्लांट मॅनेजर भडक डोक्याचे होते, पण मनाचे वाईट नव्हते. ते म्हणाले, "दादा, नवीन गाडी घ्यायची आणि पुढे माणूस झेंडा घेऊन चालवायचा, असं झालं हे. तुमचं दुधाने तोंड पोळलंय, म्हणून ताक फुंकून पिताय."

"व्हय," दादा म्हणाले. "पोळलंय."

आणि मग त्यांनी सांगितलं. मी कोपऱ्यात टिपणं घेत होते, माझं पेन थांबलं.

"आमच्या गावाला पाऊस लय झाला की शेतात पानी तुंबतं. मग ओहोटीला बांध एका जागी कापायचा, आतलं पानी खाडीत सोडायचं, आन् भरतीच्या आत बुजवायचा. एकाच जागी, कारन बुजवायला मानसं तेवढीच असतात. त्या सालाला बांधाच्या एका टोकाला माझा थोरला भाऊ व्हता आन् दुसऱ्या टोकाला मी. नियम असा, त्याने कापायचा. तो नसंल तरच मी. ओहोटी लागली, मी हाक मारली. जवाब नाय. परत मारली. जवाब नाय. मी समजलो, तो नाय तिथं. चालत गेलो असतो तर बिडी वढून व्हायच्या आत पोचलो असतो. नाय गेलो. मी कापला. तिकडं त्याने बी कापला व्हता."

दादांनी टेबलावर बोटाने दोन रेघा ओढल्या.

"बांधाला दोन जागी खांडी, आन् बुजवायला मानसं एकीपुरती. भरती आत आली. तीन वरसं गावात भाताचा दाना नाय झाला. भाऊ आन् मी तवापासून बोलत नाय, पंचवीस वरसं झाली. चूक माझीच. हाक ऐकू नाय आली म्हनून समोरचा मेला असं धरलं मी."

प्लांट मॅनेजरांनी टेबलावरचा पेपरवेट दोनदा फिरवला. म्हणाले, "ठीक आहे. करा तुमच्या मनासारखं. पण एक ध्यानात ठेवा. तुमच्या या जाऊन-बघण्यापायी माझा प्लांट एकदा जरी खोळंबला, तर मी ते आपोआपचं बटण सुरू करणार आणि तुम्ही स्टोअर्समध्ये गोण्या मोजणार."

"चालंल," दादा म्हणाले.

मला त्या दोघांचाही राग आला. मॅनेजरांचा तर आलाच, पण दादांचा जास्त. ज्या खोलीत आयुष्य घातलं ती एका शब्दात कसली पणाला लावता?

वार्षिक शटडाऊनमध्ये बदल केला. चार दिवस. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या कपाटात नेलं, पण दादांचा त्यावर भरवसा कुठे? लॅबमध्ये अष्टमी गावचे एक वयस्क कारकून होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. लॅबकडच्या मशिनवर तेच बसणार होते. दादांनी त्यांना कागदाच्या जुन्या वह्या आणायला लावल्या. चाचा मधलाच कुठलाही लॉट वाचायचे, मी पडद्यावर पडताळायची. चाचांचा घसा बसला, माझे डोळे सुजले. दादा मांडी घालून ऐकत होते, आणि एकही आकडा चुकला नाही तेव्हा म्हणाले, "अजून पन्नास." शेवटी जुनं मशिन बंद करायची वेळ आली. दादांनी त्याच्या पत्र्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बस आता. लय केलंस." मी हसले, आणि हसता हसता मलाच भरून आलं.

त्यानंतर दर आठवड्याला कवायत. दादा कधीही येऊन मधली तार उपसायचे आणि घड्याळ लावून बसायचे. मी ऑफिसातून लॅबकडे चालत जायची, मशिन बघायची, परत यायची. पुढच्या खेपेला चाचा लॅबमधून ऑफिसकडे. चाचांचे गुडघे दुखायचे. "दादा, इस उमर में परेड?" म्हणत ते जिना उतरायचे. प्लांटची पोरं खिडकीतून टाळ्या पिटायची. आम्ही कंपनीचं हसं झालो होतो, आणि दादांना त्याचं काही म्हणजे काही नव्हतं.

जुलै संपता संपता अंबा नदी नागोठण्यात शिरली. हायवे बंद, पेणची बस आलीच नाही, म्हणजे दादा नाहीत. इकडे कुंडलिकाही दुथडी भरली होती आणि कंपनीच्या आवारात गुडघाभर पाणी. मी जवळची म्हणून पोचले होते. दुपारी तीनच्या सुमाराला माझ्या पडद्यावरचं काम थांबलं आणि तो प्रश्न उमटला: दुसरं मशिन उत्तर देत नाही. ताबा घेऊ का?

लॅबला फोन लावला. फोन मुका. पेणला लावायचा प्रश्नच नव्हता. तेवढ्यात प्लांट मॅनेजर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत आले. ड्रायरमध्ये लॉट होता. लॅबचा आकडा दिसल्याशिवाय तो बाहेर काढता येत नव्हता, आणि फार वेळ आत राहिला तर वाया जाणार होता.

"दाब," ते म्हणाले.

"साहेब, आधी बघून यायला लागेल."

"अगं, लॅबमध्ये पाणी शिरलंय. ते मशिन गेलंच असणार. दाब ते 'हो'. आणि तुझ्या दादांना स्टोअर्समध्ये पाठवायचंय का तुला?"

माझं बोट खरंच त्या बटणावर होतं. दाबलं आणि पलीकडचं मशिन मेलेलं असलं, तर प्लांट चालू आणि दादांची खुर्ची शाबूत. नाही दाबलं तर प्लांट खोळंबणार आणि दादांची खुर्ची माझ्याच हाताने जाणार. त्यांना वाचवायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे त्यांचंच न ऐकणं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, बघून आलात की ऐकून आलात?"

प्लांट मॅनेजरांना असं कोणी कधी बोललं नसेल. मी चपला काढल्या आणि आवारात उतरले.

पाणी गार होतं आणि खालचं काही दिसत नव्हतं. पावसाचा पडदा असा की समोरची लॅबची इमारतसुद्धा पुसट. निम्म्यावर ट्रक वजन करायचा काटा आहे, तिथवर पोचले तर समोरून कोणीतरी येतंय. उलटी झालेली छत्री, दुमडलेली विजार, एक हात गुडघ्यावर. चाचा.

"तुझं चालू हाय का गो?" ते लांबूनच ओरडले.

"चालू आहे! तुमचं?"

"माझं बी चालू हाय!"

आम्ही दोघं पाण्यात उभे राहून वेड्यासारखे हसलो. तिकडे लॅबचे साहेब चाचांच्या डोक्यावर उभे राहून 'दाबा, दाबा' करत होते, आणि चाचा "जरा लघवीला जाऊन येतो" म्हणून सटकले होते. दोघांपैकी एकाने दाबलं असतं तरी निभावलं असतं. दोघांनी दाबलं असतं तर संपलं होतं. आणि दोघांनाही दाबायला सांगत होते. हे ध्यानात आलं तेव्हा माझं हसू विरलं. चाचांनी माझा दंड धरला.

तिथेच ठरवलं. मी परत जाऊन माझं मशिन रीतसर बंद करणार, खिडकीतून लाल फाईल हलवणार, मग चाचा ताबा घेणार. माझ्या मागोमाग प्लांट मॅनेजर पाण्यात उतरले होते. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं, मग एक शब्द न बोलता चाचांबरोबर लॅबकडे गेले आणि चालू मशिन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. लॉट वाचला. पण प्लांट चांगला पाऊण तास खोळंबला होता.

तिसऱ्या दिवशी रस्ता उघडला आणि दादा आले. प्लांट मॅनेजर आधीच आमच्या खोलीत येऊन बसले होते.

"प्लांट खोळंबला, दादा."

"व्हय. गेटवर कळलं. सामान काढू का?"

"कशाला? स्टोअर्समध्ये जागा नाही," मॅनेजर म्हणाले आणि उठून गेले. मी त्यांच्याबद्दल पुष्कळ वाईटसाईट बोलले असेन, पण त्या एका वाक्यासाठी मी त्यांना सगळं माफ केलं.

मग दादांनी आम्हा दोघांना बसवून इत्थंभूत विचारलं. जमिनीखालच्या नाळीत पाणी भरून तार गेली, आणि फोनची लाईनही त्याच नाळीतून होती. "ही चूक माझी," दादा लगेच म्हणाले. "बोलायच्या दोन वाटा एकाच नाळीतून नेल्या." मी वाट बघत होते शाबासकीची. ती काही येईना.

"कुठं भेटलात?" त्यांनी विचारलं.

"वजनकाट्यापाशी."

"म्हंजे मधेच. दोघं बी निघालात?"

"हो."

"पयलं कोन निघालं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. चाचा म्हणाले, "ते कुनाला ठावं?"

दादा उठले. खिडकीपाशी जाऊन आवाराकडे बघत उभे राहिले. पाणी ओसरून गाळ उरला होता, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. मग टेबलाशी आले, आणि रजेचा फॉर्म मागितला. मी चार वर्षांत त्यांना रजा घेताना पाहिलं नव्हतं. विभागाची रजेची नोंद मीच ठेवत असे, त्यामुळे फॉर्म माझ्याकडेच आला. एक दिवस. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'थोरल्या भावाला भेटणे.'

रजेनंतर ते नेहमीच्या बसने आले, नेहमीसारखे मांडी घालून बसले आणि कालच्या कामाबद्दल विचारायला लागले. मी काही विचारायचं नाही असं रात्रभर स्वतःला बजावलं होतं, ते पाच मिनिटंही टिकलं नाही.

"दादा, भेटले का भाऊ?"

"भेटला."

"काय म्हणाले?"

दादांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला आणि परत काढला.

"म्हनाला, मी बी हाक मारली व्हती रे. वाराच लय व्हता त्या दिशी."